भालेरावांची साक्ष

आमच्या हास्यक्लबात भालेरावकाका जसे हसायचे तसं हसताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीसमोरच्या बागेत रोज सकाळी आम्ही गोल करून उभे राहतो आणि क्लबप्रमुख पटवर्धन सांगतील तसे हसतो. आधी टाळ्या, मग श्वास, मग 'हो हो, हा हा हा'. प्रत्येक हास्याला नाव आहे. बाकीचे लोक सुरुवातीला खोटं हसतात आणि शेजारच्याचं तोंड बघून हळूहळू खरं हसायला लागतात. भालेरावकाका शेवटपर्यंत खोटंच हसायचे, पण एकही हास्य चुकवायचे नाहीत. हात वर, हा हा हा, हात खाली. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायचा आणि पुढच्या हास्याची वाट बघायची. चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

गेल्या थंडीत ते गेले, झोपेतच. क्लबात त्यांची जागा होती तिथे आता कुणी उभं राहत नाही, म्हणजे कुणी ठरवलं नाही तसं, पण राहत नाही.

ते माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. पाटबंधारे खात्यात आरेखक होते; नोकरी सगळी धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात गेली. सोसायटीच्या फाटकाशीच माझं औषधांचं दुकान आहे. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायचे तेव्हा पाकीट उजेडाकडे धरून मुदतीची तारीख स्वतः वाचायचे. मी म्हटलं, "काका, मी बघूनच देते हो." तर म्हणाले, "आपण बघता यात शंका नाही, नीलाताई. पण गोळी मी खाणार आहे."

कुणी काही ठासून सांगितलं की त्यांचा एकच शब्द यायचा, "कशावरून?" आवाज न चढवता. उर्मटपणे नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. त्यामुळे लोक जास्तच चिडायचे. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय निघाला. मागच्या विंगवाले गाड्या धुतात म्हणून टाकी लवकर रिकामी होते, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. "कशावरून?" भालेरावकाकांनी विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "सगळ्यांना माहितीये." दुसऱ्या दिवशी काका बांबू घेऊन गच्चीवर गेले, टाकीची पातळी बघितली, मग एकेका घरात जाऊन नळ तपासले. पुढच्या मीटिंगमध्ये उभे राहून त्यांनी सांगितलं की गळती सापडली, ती माझ्याच घरातल्या फ्लशची आहे, प्लंबर येऊन गेला, झाल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे. आणि खाली बसले. मागच्या विंगेतला एक जण म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाच्या घरात निघालं असतं तर कळलंसुद्धा नसतं."

त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली होती. फ्रेम जुनी, वडिलांच्या वेळची. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा काका फार लहान होते. वडील सांगायचे ते त्यांना पाठ होतं आणि एकदा त्यांनी मलाही सांगितलं. "आमचे वडील म्हणायचे, गावात आम्हाला कुणी कधी काही विचारलं नाही. कोर्टात तुमचं पूर्ण नाव पुकारतात. आत या म्हणतात. काय झालं ते विचारतात, आणि तुम्ही बोलाल ते लिहून घेतात. हे लहान नाही म्हणायचे." त्या वेळी मला ते ऐकून फक्त बरं वाटलं होतं. त्यांना कोर्टात जायची वेळ तोपर्यंत आलेली नव्हती.

सुजाता त्यांची एकुलती एक मुलगी. खराडीला एका कंपनीत होती. येता-जाता दुकानात डोकवायची, खोकल्याच्या गोळ्या घ्यायची आणि "काकू, बाबांना सांगू नका, लगेच मुदत विचारतील," म्हणायची. एका सकाळी बसमधून उतरून ऑफिसकडे चालत जाताना शेजारच्या बांधकामावरून, वरच्या मजल्यावरून, लोखंडी टेकू सुटून तिच्या अंगावर आला. खाली जाळी बांधलेली नव्हती. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

ते बांधकाम ज्यांचं होतं त्यांना सगळं शहर रावसाहेब म्हणायचं. चौकाचौकात त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे. जाळी का नाही, तर काम लवकर उरकायचं होतं, असं तिथल्या मजुरांनीच पोलिसांना सांगितलं. पुढे मजूर गावी गेले. ठेकेदाराचं नाव खटल्यातून वगळलं गेलं. आरोपी म्हणून रावसाहेब एकटेच राहिले आणि तेही दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काका क्लबात आले आणि आपल्या जागी उभे राहिले. पटवर्धनांना काय करावं कळेना, ते म्हणाले आज नुसते श्वास करू. काका म्हणाले, "चालू ठेवा. मी हसायलाच आलोय." मग आम्ही हसलो. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी केल्या आहेत, पण त्या सकाळी हसणं हे त्यातलं सगळ्यात अवघड होतं. काकांनी सगळी हास्यं नेहमीसारखी केली, चष्मा पुसला आणि घरी गेले.

त्यानंतर कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. तारखेच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात नकाशे ठेवायची प्लॅस्टिकची लांब नळी. त्या नळीत त्यांनी स्वतः काढलेला जागेचा नकाशा होता. रस्ता, फुटपाथ, इमारत, टेकू कुठून निघाला, सुजाता कुठे होती, जाळी कुठे हवी होती. शाईने काढलेला, बाजूला उत्तर दिशेचा बाण. सरकारी वकिलांनी सांगितलं होतं की याची गरज पडेलच असं नाही. तरी काका नेत. कधी रावसाहेबांचे वकील आजारी असायचे, कधी रावसाहेब बाहेरगावी, कधी जजसाहेब रजेवर. संध्याकाळी दुकानासमोरून जाताना काका थांबून सांगायचे, "पुढची मिळाली." त्यात तक्रार नसे. त्यांच्या पत्नी मालतीकाकू मात्र म्हणायच्या, "हे आणि यांचं कोर्ट. तिकडे तो माणूस उद्घाटनं करत फिरतोय."

शेवटी एकदाची साक्ष लागली. पहिली साक्ष काकांचीच. पुढच्या महिन्यात. त्या दिवशी ते दुकानात आले ते औषधाला नाही. म्हणाले, "नीलाताई, आपल्याला संध्याकाळी थोडा वेळ असेल तर एक काम होतं. मला प्रश्न विचारायचे."

वकिलांनी पाचसहा प्रश्न सांगितले होते. मी सोफ्यावर बसले, काका समोर उभे राहिले, हात मागे बांधून. आधी नाव, वय, पत्ता. ते त्यांनी खणखणीत सांगितलं. मग मी पुढचा प्रश्न विचारला.

"मयत आपली कोण?"

काका उभेच राहिले. स्वयंपाकघरात काकूंनी नळ मोठा सोडला. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून मी परत विचारलं. काका म्हणाले, "ऐकू आलं. जरा थांबा." मग खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "हा शब्द बदलता येतो का, असं मी वकिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, कोर्टात असंच विचारतात. मग सवय केलेली बरी."

पुढे रोज संध्याकाळी आम्ही तेवढंच करायचो. मी विचारायचे, ते थांबायचे. काकू नळ सोडायच्या. पुढचे प्रश्न त्यांना सगळे यायचे. टेकू, अंतर, जाळी, सगळं. अडायचं ते तिथेच. मला त्यांचा रागही यायचा कधीकधी, खोटं कशाला बोलू. एका शब्दासाठी हा माणूस मला रोज वर बोलावतो आणि मग घरी जाऊन मला जेवण जात नाही. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

आणि एके दिवशी ते जमलं. मी विचारलं, "मयत आपली कोण?" आणि काका म्हणाले, "माझी मुलगी, सुजाता." न थांबता. मी पुढचा प्रश्न विचारायचाच विसरले. काका म्हणाले, "आता हरकत नाही. आता कुणीही विचारू दे." नळ बंद झाला आणि काकूंनी चहा आणला. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून चहा घेतला.

त्याच आठवड्यात रावसाहेबांचा खून झाला. सकाळी साइट ऑफिससमोर गाडीतून उतरत असताना एका माणसाने त्यांना कोयत्याने मारलं. सोबत त्यांचे म्हातारे वडील गाडीत होते. मारणारा साधा नोकरदार माणूस. रावसाहेबांच्या एका अर्धवट राहिलेल्या इमारतीत त्याने फ्लॅट घेतला होता आणि घर होण्याची वाट बघता बघता त्याचं सगळं विस्कटलं होतं. तो पळाला नाही. तिथेच कट्ट्यावर बसून राहिला.

दुपारपर्यंत माझ्या दुकानात तोच विषय. औषधाच्या दुकानात माणूस खरं बोलतो, असा माझा अनुभव आहे. दुखणं सांगायला आलेला असतो ना. त्या दिवशी प्रत्येकाचं वाक्य एकच होतं. "हिंसेचं समर्थन नाही हं, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढे जे काही यायचं त्याला समर्थनच म्हणतात. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मधुमेहाची गोळी घेताना म्हणाले, "अहो, कायद्याने काय होणार होतं? पंधरा वर्षांनी सुटला असता." रिक्षावाला म्हणाला, "ताई, एक नंबर काम झालं. अजून दोन-चार हायेत, त्यांचा पण लागला पाहिजे नंबर." कॉलेजच्या मुलींच्या मोबाइलवर त्या मारणाऱ्याचा फोटो आणि खाली वाघ. एक शांत बाई, कधी कुणाला उलटून न बोलणारी, म्हणाली, "बायकोमुलं असतील त्याला, पण आपली काय कमी मेली?" आणि सुट्टे पैसे न घेता निघून गेली. कुणीतरी काउंटरवर पेढा ठेवला. मी तो खाल्ला नाही, टाकलाही नाही. संध्याकाळी त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मला काय वाटलं ते मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं. वाईट वाटलं नाही. आनंदही झाला नाही. दाताला भूल दिल्यावर आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो तसं काहीतरी झालं होतं. वर गेले तर मालतीकाकू दारातच म्हणाल्या, "मला बरं वाटलं हो नीला. लाज वाटत नाही मला सांगायला. आज मी पोटभर जेवले." काका खिडकीशी बसले होते. त्यांनी काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवलीस ते चांगलं झालं." त्यात टोमणा नव्हता. नकाशाची नळी नेहमीच्या जागी, दाराच्या मागे होती.

मग पेपरांनी सुजाताचं प्रकरण परत काढलं. मारणाऱ्याला सुजाता हे नावही माहीत नव्हतं, हे त्याने पोलिसांना सांगितलं होतं, पण ते कुणाला नको होतं. कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. वर सुजाताचा फोटो, खाली 'सुजाताला न्याय मिळाला', त्याखाली सात-आठ कार्यकर्त्यांचे हात जोडलेले फोटो, तिच्यापेक्षा मोठे. काका भाजी घेऊन येताना त्याच्यासमोर उभे राहिले. मी दुकानातून बघत होते. मला वाटलं आता "कशावरून?" म्हणतील. ते दुकानात आले आणि म्हणाले, "फोटो पुसट आलाय. यांनी मागितला असता तर घरी चांगला होता." आणि कोथिंबिरीची जुडी सावरत वर गेले.

त्याच रविवारी क्लबाने त्यांचा सत्कार केला. हे लिहितानाही मला विचित्र वाटतं, पण आमच्याकडे कुणाचं काहीही झालं तरी सत्कार करतात. नातवाला मार्क पडले तर आजोबांचा करतात. पटवर्धन मनाने वाईट नाहीत. त्यांना मनापासून वाटत होतं की या माणसाने इतकं सोसलं, आता संपलं, तर क्लबाने काहीतरी केलं पाहिजे. आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शाल आणलीये. पण नारळ चालतो का हो त्यांच्यात? उगाच दुखवायला नको." मी म्हटलं, "पटवर्धन, सत्कार कशाबद्दल?" ते म्हणाले, "म्हणजे, एकूणच." नारळाऐवजी त्यांनी गुलाबाचं रोप आणलं.

बागेत गोल झाला. काकांना मध्ये उभं केलं. शाल घातली. पटवर्धन म्हणाले की देवाच्या घरी देर असते पण अंधेर नसते, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. काकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "आपण सगळ्यांनी प्रेमाने हे केलंत. आभारी आहे. माझी साक्ष पुढच्या आठवड्यात होती. ती आता होणार नाही. आरोपी मयत झाला की खटला बंद होतो. जाळी नव्हती, ती बांधायला पाहिजे होती, ती कुणी बांधायची होती, हे आता कोर्ट म्हणणार नाही. तेवढं म्हणावं एवढंच मला हवं होतं. शाल चांगली आहे."

कुणी टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना. एका बाईंनी वाजवल्या आणि थांबवल्या. मग पटवर्धनांनी घाईघाईने समारोपाचं हास्य घेतलं. काका शालीसकट हसले, हात वर, हात खाली.

तारखेच्या दिवशी ते तरीही गेले. पांढरा शर्ट, डबा, नळी. संध्याकाळी दुकानासमोर थांबले. पण या वेळी पुढची तारीख नव्हती. म्हणाले, "पुकारा झाला. आरोपी मयत, खटला बंद, दोन मिनिटांत. मी उभा राहिलो. म्हटलं, मी तयारी करून आलोय, माझं लिहून घेता येईल का. साहेब तरुण होते. म्हणाले, काका, आता त्याचा उपयोग नाही. बसा." मग म्हणाले, "चांगले होते. बसा म्हणाले." मला त्यांचे वडील आठवले. त्यांनी गोळ्या घेतल्या आणि मुदत बघितली नाही.

खुनाचा खटला उभा राहिला तेव्हा आमच्याच भागातले काही लोक काकांकडे आले. म्हणाले, त्या मारणाऱ्याला तारखेला आणतात तेव्हा कोर्टाच्या फाटकाशी फुलं टाकायला लोक जमतात, तुम्ही आलात तर फार मोठी गोष्ट होईल. काका म्हणाले, "येतो." लोक खूश झाले. ते गेले, पण फाटकाशी थांबले नाहीत. सरळ आत जाऊन बाकावर बसले. पुढच्या तारखेलाही गेले, त्याच्या पुढच्याही. काकूंनी विचारलं, आता तिथे तुमचं काय राहिलंय? ते म्हणाले, "एखाद्या खटल्याचा तरी निकाल ऐकू." लोकांना वाटत राहिलं की ते त्या माणसासाठी जातात. त्यांनी तो समज खोडला नाही. पूर्वी खोडला असता.

यानंतरही वर्षभर मी त्यांना जिन्यात, बागेत, दुकानात रोजच पाहिलं असणार. पण डोळ्यासमोर येतात ते तिथले नाहीत. माझ्या दिवंगत यजमानांच्या वारसाचा दाखला काढायला मला शिवाजीनगरच्या कोर्टात जावं लागलं होतं. फाटकाशी गर्दी होती, घोषणा चालल्या होत्या, रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. मी वाट काढत आत गेले आणि मजला चुकले. लांब व्हरांड्याच्या टोकाला बाकावर काका दिसले. नळी नव्हती बरोबर, फक्त डबा. शेजारी एक खूप म्हातारे गृहस्थ, धोतर, टोपी, हातात काठी. ते रावसाहेबांचे वडील होते. पेपरात फोटो बघितला होता मी. त्यांची साक्ष त्या दिवशी लागली होती. बाकावर दोघांच्या मध्ये डबा उघडा होता आणि त्यातली अर्धी पोळी त्या म्हाताऱ्यांच्या हातात तशीच होती. खालच्या घोषणा वरपर्यंत ऐकू येत होत्या.

मी हाक मारणार होते. पण काका त्यांच्याकडे वळून बोलत होते, म्हणून थांबले.

"नाव, वय, पत्ता हे सोपं आहे," काका सांगत होते. "त्याच्या नंतरचा अवघड आहे. तो इथेच एकदा ऐकून घ्या, म्हणजे आत धक्का बसत नाही. विचारू?"

म्हाताऱ्यांनी मान हलवली.

"मयत आपले कोण?"

म्हाताऱ्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून काहीच आलं नाही. काठी हातातून निसटली. काकांनी वाकून ती उचलली, त्यांच्या गुडघ्याला टेकवून ठेवली आणि चष्मा काढून रुमालाने पुसला.

"घाई नाही," ते म्हणाले. "मलाही वेळ लागला होता. परत विचारतो."